मोहरीएवढी

ट्रंकेचं झाकण सोजराच्या हातातून सुटलं आणि असं आदळलं की पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली, समोर महबूबबीच्या अंगणातल्या कोंबड्या ओरडल्या, आणि पाळण्यातला श्रीमंत मात्र हलला नाही. ती होती तशीच उभी राहिली. आवाज खोलीच्या कोपऱ्यांत अजून थोडा उरला होता, ट्रंकेचा नवा काळा रंग आणि डांबरगोळ्या यांच्या वासासारखा. हे लेकरू भाकरी थापल्याच्या आवाजानं जागं व्हायचं. जागं झालं की खोकायचं, खोकला लागला की चेहरा जांभळा व्हायचा आणि शेवटी आत ओढलेल्या श्वासाची ती लांब शीळ. आज मूठ उशाशी उघडी पडली होती आणि पापणीसुद्धा लवली नव्हती. स्वयंपाकघरातून सासूनं, चंद्रभागाबाईंनी, काय पडलं म्हणून विचारलं. सोजरानं झाकण म्हणून सांगितलं. लेकरू उठलं का? नाही, आत्याबाई.  चुलीत लाकूड सारताना बाई सोडते तसा एक मोकळा श्वास आतून आला. सोजराला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते स्वतःचंच. कारण लेकरू का उठत नाही हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं क्षणभर बरं वाटलं होतं. जेवणं झाल्यावर, सासू भांडी घासायला परसात गेली तेव्हा, तिनंच नणंदेच्या नवऱ्यानं आणून दिलेली पुडी उघडून त्यातली मोहरीएवढी अफू, मोहरीपेक्षाही कमीच, करंगळीच्या टोकावर घेऊन दुधात कालवली होती आणि त्याच्या जिभेला लावली होती. त्यानं तोंड वाकडं केलं होतं. मग तिचं बोट चोखलं होतं.

प्रयोग, असं तिनं त्याला मनातल्या मनात नाव दिलं होतं. हैदराबादच्या कॉलेजातला शब्द. आज संध्याकाळच्या मेलनं गुलबर्ग्याहून मुंबई, मग गोदी, मग मोंबाशाची बोट. गोदीवर जे करायचं ते आधी घरी करून पाहिलेलं बरं. हे तिला इतकं शहाणपणाचं वाटलं होतं, की त्यात खोटं काय आहे ते आता नेमकं सापडत नव्हतं. ती पाळण्याजवळ गेली. श्वास चालू होता. सावकाश होता. झोपेत सावकाशच असतो. मागच्या आठवड्यात तो झोपेत किती सावकाश श्वास घ्यायचा? तिला आठवेना. ज्या गोष्टीकडे तिनं रोज कान लावून ठेवला होता, तीच आठवेना. ती परत ट्रंकेकडे आली, एक लुगडं उलगडलं आणि पुन्हा तशीच घडी घातली.

सांगणारे फार झाले होते. मोंबाशाला रेल्वेच्या ऑफिसात असलेल्या उद्धवरावांनी बायकोला बोलावून घेतल्याची बातमी लागली आणि ज्या गावाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग, त्या गावात बोटीतलं कळणारी माणसं निघाली. सोजरा सगळ्यांचं ऐकायची, होय म्हणायची, आणि संध्याकाळी सुपात तूर निवडताना त्याबरोबर हेही निवडायची: हे कामाचं, हे शिळं, हे वाईट. तुरीचं सोपं असतं. किडकी डाळ हाताला हलकी लागते, खडा दाताला लागण्याआधी बोटाला लागतो. महबूबबी हजला जाऊन आलेली. गल्लीत बोटीत पाय ठेवलेली ती एकटीच. तिनं सांगितलं, की डेकवर ज्याची चादर आधी अंथरली त्याची जागा, म्हणून माणूस आधी चढवायचा आणि चादर टाकून घ्यायची. धुराड्यापासून लांब, संडासापासून लांब, आणि चढायच्या दारापासूनही लांब. हे कामाचं. भाजलेले हरभरे, लिंबाचं लोणचं, चिंचेचा गोळा. हेही कामाचं. आणि एक कोरं पांढरं कापड, कफनाचं, आपापलं जवळ बाळगायचं. "रखना अगे, अपना अपना साथ रखना," ती इतक्या सहज म्हणाली, जसं काही सुईदोराच सांगत होती. ते शिळं म्हणायचं, की काय म्हणायचं, हे सोजराला ठरवता आलं नव्हतं. महबूबबीनं स्वतःची हजची चादर, निळ्या काठाची, जागा धरायला म्हणून देऊन टाकली होती. ती ट्रंकेत सगळ्यांत वर होती.

मग मन्नाएखेळ्ळीहून चुलत सासरे श्रीपतराव निरोप द्यायला आले. ते लामावर, म्हणजे जर्मनांच्या पहिल्या लढाईत, बसऱ्याला गेलेले. लाम संपून वीसेक वर्षं झाली तरी त्यांची बोट अजून लढाईतच होती. बूट घालूनच झोपायचं. दिवस मावळल्यावर डेकवर काडी ओढायची नाही, दुश्मनाला दिसतं. तिनं पदराआडून मान हलवली होती, आणि चंद्रभागाबाईंनी भाकरी वाढता वाढता म्हटलं होतं, "भावजी, सूनबाई काय बंदूक घेऊन चालली का? नवऱ्याकडं चालली माय ती." सगळे हसले. श्रीपतरावही हसले, आणि हसणं संपल्यावर हळूच म्हणाले, की बोट लागून मळमळायला लागलं की उताणं पडायचं आणि डोळे मिटायचे. पाण्याकडं बघत बसणारी माणसं त्यांनी पाहिलीत. म्हणजे शिळ्यातही एक दाणा निघाला. मग बाकीचं सगळं परत सुपात घालायचं का? हैदराबादच्या हुसेनसागर तलावात एकदा हॉस्टेलच्या मुलींबरोबर ती होडीत बसली होती. तेवढाच तिचा समुद्र. मधोमध गेल्यावर वल्हवणाऱ्यानं वल्ही उचलली आणि होडी नुसतीच डुलत राहिली. किनारा दिसत होता, बंधाऱ्यावरच्या मोटारी दिसत होत्या, आणि तरी पायाखाली काही नाही हे तळव्यांना कळत होतं. मुली गात होत्या. हजेरीत तिचं नाव आलं की ज्या हसायच्या त्याच मुली. सोजरा हे काय कॉलेजातलं नाव आहे, शेतातलं आहे. गेला महिनाभर तळव्यांना पुन्हा तसंच होत होतं, शहाबादी फरशीवर उभं असताना.

आणि अंकुशराव. नणंदेचा नवरा, सरकीच्या व्यापारासाठी मुंबईला सारखी जा-ये असलेला, तिला बोटीपर्यंत पोचवणारा. त्यांचं सगळं ताजं होतं. त्यांनी सांगितलं, की जागा मिळाली नाही तर एखाद्या म्हातारीची वळकटी सरकवून आपली पसरायची. लेकुरवाळ्या बाईला कुणी बोलत नाही, आणि म्हातारी तर नाहीच नाही. हा खडा, तिनं लगेच बाजूला काढला. पण रात्री तिला ती म्हातारी दिसली नाही, धुराड्याच्या बाजूला काळवंडलेला श्रीमंत दिसला, आणि खडा परत सुपात आला. मग पुडी. गोदीवर डॉक्टर असतो. एकेकाला पुढं घेतो, मनगट धरतो, बघतो. डांग्या खोकल्याचं लेकरू बोटीवर घेत नाहीत. माघारी पाठवतात, तिकीट असो नसो. उद्धवरावांची बदली आफ्रिकेत आणखी आत, रेल्वे संपते तिथं व्हायची होती. बायको-मूल येणार म्हणून साहेबानं ती या बोटीपुरती थांबवली होती. ही बोट हुकली की ते आत जाणार, जिथं बिऱ्हाड नेता येत नाही, आणि मग किती वर्षं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी श्रीमंतला अजून पाहिलेलं नव्हतं. डॉक्टर रेवणप्पा म्हणाले होते, की खोकला उतारावर आहे, आता दुसऱ्याला लागणारा नसावा. नसावा. ते कन्नडमध्ये म्हणाले होते, तिनं मराठीत विचारलं होतं, आणि तो "नसावा" दोन भाषांच्या मधे कुठंतरी लोंबकळत राहिला होता. डेकवर आणखी लेकरं असतील. चादरीला चादर लागून. त्यांच्या आयांनी काय काय निवडून आणलं असेल.

अंकुशराव ओसरीवर पान लावत बसले होते तेव्हाचं ते बोलणं तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. "वहिनी, ह्यात पाप न्हाई," ते म्हणाले होते. "चोरून सोनं न्यायलाव का आपण? डॉक्टरापुढं घडीभर खोकायचं न्हाई, एवढंच. अफूनं खोकला दबतो, हे तर तुमच्या डॉक्टराच्या बाटलीत बी असतंय."

"आणि दुसऱ्याच्या लेकराला लागलं तर?"

"दुसऱ्यानं बी तेच दिलेलं असतंय, वहिनी. निम्मी गोदी झोपलेली लेकरं घेऊन उभी असती." पान तोंडात गेलं. "तुम्ही शिकलेल्या. बघा."

बघा म्हणजे काय? डॉक्टरच्या बाटलीत असतं म्हणजे ते कामाचं. तिच्या लहानपणी सगळ्या गावात देत म्हणजे ते शिळं. लपवायचं म्हणजे वाईट. एकच दाणा तिन्ही ढिगांत जात होता. कॉलेजात तर्कशास्त्राचे प्रोफेसर म्हणायचे, की वस्तू एक तर आहे किंवा नाही. त्यांना लेकरं नव्हती. आणि सासरच्या शेतावर औरादला, लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत, तिनं बाभळीच्या फांदीला टांगलेल्या झोळ्या पाहिल्या होत्या; बायका सकाळी लेकरांना काहीतरी चाटवायच्या आणि दुपारपर्यंत वाकून काढणी करायच्या. झोळ्यांवरून माशा फिरायच्या, आणि झोळ्यांतून आवाज यायचा नाही. सगळ्या रानात लेकरं आहेत आणि एकही रडत नाही, याची तिला तेव्हा भीती वाटली होती. पण नव्या नवरीनं कशाकशाची भीती सांगायची? तसल्याच एका झोळीत कधीकाळी उद्धवराव वाढले होते. ते तर धडधाकट होते. गणितात हुशार होते.

उन्हं भिंतीवरून उतरली होती. तिनं पाळण्याची दोरी ओढली, सोडली. त्याच्या तळव्याला बोट लावलं. पाय मागं गेला नाही. तिनं पुन्हा लावलं, नखानं. पाय गेला, पण किती उशिरा. निदान तिला तसं वाटलं. तिला हल्ली सगळंच वाटायचं; वाटणं आणि असणं यांच्यात जी भिंत असते तीच बाळंतपणात पडली होती, असं ती स्वतःला सांगायची. झोप आहे. दोन महिने लेकरू झोपलेलं नाही. झोपू दे.

चंद्रभागाबाई हात पुसत आत आल्या. पाळण्यावर वाकल्या, नातवावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. त्यांच्या चेहऱ्यावर आज निरोपाचं काहीतरी होतं, सकाळपासून त्या सुनेला एकदाही टाकून बोलल्या नव्हत्या. ट्रंकेच्या कडेवर बसल्या आणि पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडायला लागल्या. म्हणाल्या, की तिकडं गेल्यावर तुला कोण सांगणार, म्हणून आताच सांगून ठेवते. तू चिडशील, तुम्हाला कालेजात हे चालत न्हाई, म्हणून बोलले न्हाई. गाठीतून एक काळपट गोळी निघाली, कागदात गुंडाळलेली. "मंगळवारच्या बाजारापासून द्यायलेय मी त्याला. सकाळच्या गुटीत उगाळून. मोहरीएवढी. बोटीत एकदम दिलं तर सोसत न्हाई लेकराला, आधीपासून सवय लागाय पाहिजे. आज जरा जास्तच दिली, गाडीचा दिवस म्हणून." त्यांनी सुनेकडं बघितलं. "उद्धव बी त्याच्यावरच वाढला. बघ, खोकला कसा बसला."

खोकला बसला होता. खरंच, मंगळवारपासून बसला होता. ती डॉक्टर रेवणप्पांच्या बाटलीला दुवा देत होती. सोजराच्या डोक्यात काहीच हललं नाही. होडीतली वल्ही उचललेली होती. फक्त इतकं स्पष्ट दिसत होतं, की आता बोललं नाही तरी चालेल. लेकरू थोड्या वेळानं उठेल. आत्याबाईंनी दिलं म्हणून झोपलं, एवढंच घरात राहील. गाडी पकडता येईल, बोट पकडता येईल, आणि जन्मभर कुणाला काही सांगावं लागणार नाही. आणि उठलं नाही तर? तर तेही आत्याबाईंचंच. हा विचार तिचा होता. तो आला, थोडा वेळ तिच्याजवळ बसला, आणि तिनं त्याला हाकललंही नाही. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"मी पण दिलंय, आत्याबाई."

"काय दिलंस?"

"तेच. जेवणं झाल्यावर. भाऊजींच्या पुडीतलं."

चंद्रभागाबाईंचा हात गोळीवर तसाच राहिला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि लेकराला पाळण्यातून असं उचललं, जसं पाण्यात पडलेलं काहीतरी उचलावं, आणि त्याची मान मागं कलंडली. सोजरानं पापणी वर केली. डोळा होता, पण अफूनं त्यातली बाहुली बारीक झाली होती. मोहरीएवढी. गोदीवर डॉक्टर बघतो, असं अंकुशराव म्हणाले होते. काय बघतो ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत तरी होतं का?

सोजरानं दारातूनच महबूबबीला हाक मारली. रेवणप्पांच्या दवाखान्याकडं ओसरीवरच्या अंकुशरावांना पिटाळलं, ते सांगत परत आले, की डॉक्टर अफजलपूरला व्हिजिटला गेलेत, दिवस मावळल्याशिवाय यायचे नाहीत. महबूबबी ओल्या हातांनी आली, लेकराचं तोंड हुंगलं आणि काही न विचारता म्हणाली, "सोने नक्को देना. रुलाव इसकू. रुलावच." कोरा चहा करायला लावला. लेकराला अंगणात आणून तोंडावर पाणी मारलं. सोजरानं त्याला कडेवर घेतलं आणि चालायला लागली, तुळशीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून तुळशीपर्यंत. महबूबबी मागून त्याच्या तळव्यांवर बोटांनी टिचक्या मारत होती, चंद्रभागाबाई ओला पंचा तोंडावरून फिरवत होत्या आणि हाक मारत होत्या, आधी श्रीमंत म्हणून, मग उद्धव म्हणून, मग नुसतं लेकरा म्हणून. ज्या घरानं दोन महिने हे लेकरू रडू नये म्हणून जिवाचं रान केलं, ते सगळं घर आता त्याला रडवायला निघालं होतं. आणि चालता चालता सोजराला महबूबबीची ती गोष्ट आठवली, पापड वाळत घालताना सांगितलेली: तिच्या जहाजावर परभणीकडची एक बाई होती, मांडीवर लेकरू, "कित्ता शांत बच्चा था अगे, रोताच नै था", सगळ्या डेकनं त्याचं कौतुक केलं होतं. मग एका सकाळी त्याला पांढऱ्या कापडात बांधून दर्यात सोडलं, अल्लाची मर्जी. आणि ती बाई जिद्दा बंदर येईपर्यंत मांडी हलवत बसली होती. सोजरानं तेव्हा ती गोष्ट कफनाच्या कापडाबरोबर शिळ्यात टाकली होती. लेकरू शांत होतं, हे तिनं ऐकलंच नव्हतं.

तिनं महबूबबीकडं पाहिलं. महबूबबी टिचक्या मारत होती आणि तिच्याकडं बघत नव्हती. तिलाही आताच आठवलं असेल का? की आधीपासून माहीत होतं?  सोजरा चालत राहिली. तिचा खांदा भिजला होता. लाळ, पाणी, चहा, काय ते कळत नव्हतं. फरशी पायाखाली डुलत होती. मोंबासा हा शब्द तिला कुणीतरी दुसऱ्याच बाईच्या आयुष्यातला वाटला. त्या बाईचा नवरा धक्क्यावर उभा होता, त्याच्या हातात टोपी होती, आणि तो एका न रडणाऱ्या लेकराकडं बघून म्हणत होता, किती शहाणं आहे.

मग खांद्यावर काहीतरी आकसलं. छोटं, आतल्या आत. पुन्हा. तिच्या मानेवर एक उष्ण उबळ आली आणि ती ओळखीची होती. एक, आणि तिच्यावर दुसरी, श्वास घ्यायला जागा न ठेवणारी, लेकरू धनुष्यासारखं ताठ झालं, आणि सगळ्यात शेवटी ती शीळ. लांब, आत ओढलेली. त्यानं तिच्या अंगावर सगळं ओकलं आणि रडायला सुरुवात केली, चिरक्या, रागावलेल्या आवाजात. चंद्रभागाबाई तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. ती शीळ सोजराला आयुष्यात पहिल्यांदाच गोड वाटली, आणि लगेच तिला वाटलं, की हेही बरं नाही.

दिवस कलताना दारात टांगा उभा राहिला. अंकुशरावांनी उंबऱ्यातून विचारलं, की लेकरू तर रडायलंय, म्हणजे बरं हाय. निघायचं का, मेलला अजून वेळ हाय. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. सोजरानं महबूबबीची निळ्या काठाची चादर ट्रंकेतून काढून अंगणात पसरली होती आणि लेकराला तिच्यावर बसवलं होतं. ते पेंगलं की ती त्याच्या कानाची पाळी ओढायची; डॉक्टर येईपर्यंत त्याला झोपू द्यायचं नव्हतं.

"पुढच्या बोटीचं बघू, भाऊजी. आणि लेकराला खोकला होता, हे गोदीवरच्या डॉक्टरला सांगायचंच."

"मग पुढची बी जाईल, वहिनी. उद्धवराव तवर आत गेलेले असतील."

"जातील."

अंकुशराव उंबऱ्यावरून मागं फिरले. टांगा वळल्याचा आवाज आला. चंद्रभागाबाई कट्ट्यावरून उठल्या नव्हत्या. त्यांनी ती काळी गोळी चुलीत टाकली होती, आणि पुडीही. सगळं घर त्या कडू धुरानं भरलं होतं. "मी अडाणी, माय," त्या म्हणाल्या, कुणाकडं न बघता. "मला कुणी सांगितलं न्हाई. तुला तर एवढ्यांनी सांगितलं." सोजराला उत्तर द्यायचं होतं. तिच्याजवळ ते होतं असं तिला वाटलं, आणि ती शोधायला लागली तेव्हा सुपात सगळं पुन्हा एकत्र झालेलं होतं.

लांबून मेलची शिटी आली. श्रीमंतनं मान वळवली, की ती त्याची नुसतीच कलली? सोजरा उठली, आत गेली, ट्रंकेचं झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि सोडून दिलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाहेर लेकरू दचकलं आणि किंचाळून रडलं, रडता रडता खोकायला लागलं. ती ऐकत उभी राहिली. मग तिनं झाकण पुन्हा उचललं.

"बास गं," बाहेरून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "भ्यायलंय लेकरू."

ते भ्यालं होतं, हे तिला कळत होतं. झाकण तिच्या हातांत तसंच वर होतं.